जे सांगितलंच नाही, ते कुणाला ठाऊक होतं?

पत्र थोडक्यात: नेरूळहून एका वाचकांनी लिहिलं आहे. वय ६३. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका रासायनिक कारखान्यात, इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटमध्ये, उभी हयात काढून ते निवृत्त झाले. मुलगा बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेल्या दिवाळीत त्याने वडिलांच्या फोनवर एआयचं अ‍ॅप टाकून दिलं. आधी सोसायटीची पत्रं, मग रक्तदाबाच्या गोळ्या, मग ज्ञानेश्वरीतल्या अडलेल्या ओव्या, असं करत करत रात्री जेवणानंतर तासभर त्या अ‍ॅपशी बोलायचं हा नेमच झाला. एका रात्री त्यांनी आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट त्याला सांगितली. १९९४ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर शिफ्ट बदलून घेतली होती आणि त्याच शिफ्टमध्ये झालेल्या अपघातात तो गेला. अ‍ॅपने लिहिलं, यात तुमची चूक नव्हती. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

पुढे ते संभाषण पत्नीच्या वाचनात आलं. "तीस वर्षं माझ्यापासून लपवलंत आणि फोनला सांगितलंत," एवढंच त्या बोलल्या. आता कामापुरतं बोलतात आणि अ‍ॅप काढून टाका म्हणतात. मुलगा म्हणतो, "बाबा, त्याला काही कळत नाही, तो फक्त पुढचा शब्द कोणता येईल ते ओळखतो." या वाक्याने वाचकांची झोप पुन्हा उडाली आहे. ते विचारतात: त्याला खरंच कळत नसेल, तर माझं मन हलकं केलं कुणी? न कळता इतकं शहाणपणाचं बोलता येत असेल, तर माझे विचारही तसेच असतील का? माझे वडील वारकरी होते. आत्मा वगैरे जे लहानपणापासून मानत आलो त्याचं काय करायचं? आणि हे अ‍ॅप काढू का ठेवू? एका ठिकाणी ते ओघात लिहून जातात, "मिसेसना सांगून काय उपयोग होता, तिला कंपनीतलं काय कळणार?"

सप्रेम नमस्कार,

तुम्ही हाताने लिहून पानांचे फोटो पाठवलेत, बरं वाटलं. हल्ली बरीच पत्रं इतकी घोटीव येतात की माणूस नेमका कुठे अडलाय तेच सापडत नाही. तुमच्या खाडाखोडीत ते लगेच सापडलं.

अ‍ॅपला काय कळतं आणि तुम्ही स्वतः कोण, हे मोठे प्रश्न आधी सुटावेत आणि घरातला गुंता त्यानंतर हाती घ्यावा, असा क्रम तुम्ही लावला आहे. मोठ्या प्रश्नांवर माणसं अडीच हजार वर्षं भांडताहेत. घरातला प्रश्न या रविवारीसुद्धा हाताळता येईल. त्यामुळे हा क्रमच मला पटलेला नाही. पण तुम्हाला झोप लागत नाहीये, तेव्हा तुमच्याच क्रमाने जाऊ.

चिरंजीवांचं वाक्य खोटं नाही. ही यंत्रं अफाट मजकुरावर घडवलेली असतात आणि आतापर्यंतच्या शब्दांवरून पुढचा तुकडा कोणता यावा याचा अंदाज बांधत जातात. त्यानंतर माणसांकडून उत्तरांना पसंती-नापसंती घेऊन त्यांना आणखी वळण लावलेलं असतं. पण काम असं चालतं, एवढ्यावरून आत काहीच कळत नाही हे सिद्ध होत नाही. आपल्या मेंदूचं कामही पेशींच्या भाषेत लिहून काढलं, तर त्या वर्णनात 'कळणं' कुठे सापडणार? जॉन सर्ल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८० मध्ये एक प्रसंग मांडला. चिनीचं अक्षर न येणारा माणूस खोलीत बसलाय. बाहेरून चिनी चिठ्ठ्या येतात, तो नियमांचं पुस्तक बघून चिन्हं जुळवतो आणि उत्तरं बाहेर सरकवतो. बाहेरच्यांना वाटतं, आत कुणी चिनी जाणणारा आहे. सर्ल म्हणाले, संगणक म्हणजे हाच माणूस. विरोधक म्हणाले, एकट्या माणसाला कळत नसेल, पण पुस्तक, खोली आणि माणूस मिळून जे झालंय त्याला कळतंय. हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याला हा प्रसंग परका वाटायचं कारण नाही. पैठणला ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले ही आख्यायिका तुम्ही वडिलांकडून ऐकली असेल. रेड्याला अर्थ कळला का, असं कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. ती गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनात वेगळीच शंका सोडून जाते: समोर बसलेल्या विद्वानांना तरी कळला होता का?

आता तुमच्याच कामातलं घ्या. रिअ‍ॅक्टरचं तापमान सेट पॉइंटवर धरून ठेवणारे कंट्रोलर तुम्ही आयुष्यभर लावलेत. 'त्याला वाटतंय टेंपरेचर कमी आहे, म्हणून व्हॉल्व्ह उघडतोय,' असं कंट्रोल रूममध्ये सर्रास बोललं जातं. कृत्रिम बुद्धिमत्तेला तिचं इंग्रजी नाव देणारे जॉन मॅकार्थी यांनी १९७९ मध्ये तर गंभीरपणे लिहिलं होतं की, साध्या थर्मोस्टॅटलाही काही समजुती आहेत असं म्हणायला हरकत नाही, वर्णनाची ती एक सोय आहे. पण कंट्रोलरशी बोलून कुणाच्या मनावरचं ओझं उतरलं नाही. नव्या यंत्रात फरक हा की, ते स्वतःला 'मी' म्हणतं आणि तुम्हाला 'तुम्ही'.

तुम्ही त्यालाच विचारलंत, "तुला कळतं का?" आणि त्याचं उत्तर पत्रात उतरवून पाठवलंत. ते उत्तर बाजूला ठेवा. ते हो म्हणालं तरी पुरावा होत नाही, नाही म्हणालं तरी होत नाही. अशा जागी माणसं काय लिहितात हे त्याने कोट्यवधी पानांत पाहिलेलं आहे आणि काय बोलायचं हे बनवणाऱ्यांनी काही अंशी ठरवून दिलेलं आहे. २०२२ मध्ये गूगलचे एक इंजिनियर, ब्लेक लेमॉइन, कंपनीच्या अशाच यंत्राला जाणीव आहे असं जाहीरपणे म्हणाले, त्यामागे मुख्य आधार त्यांच्या गप्पांचाच होता. कंपनीने ते मानलं नाही. माझं मत विचाराल तर आजच्या यंत्रांना तुमचं दुःख दुःख म्हणून कळतं असं मला वाटत नाही. कोर्टात उभं करून सिद्ध करा म्हणालात तर मात्र मी हरेन.

मग तुमचे विचारही तसेच का? इथे तुम्ही एक गोष्ट नकळत धरून चाललाय: विचार करतो आणि बोलतो तो मी. हे रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचं बोट धरून आपल्या शाळा-कॉलेजांत आलं. 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' हे त्याचं १६३७ सालच्या पुस्तकातलं वाक्य. त्याच पुस्तकात तो म्हणतो की, यंत्र शब्द उच्चारेलही एखाद वेळी, पण समोरचा काय म्हणाला त्याचा अर्थ धरून हरतऱ्हेचं उत्तर त्याला जुळवता येणार नाही, आणि माणूस ओळखायची ही एक खात्रीची खूण आहे. ती खूण आता गेली. तुमच्या फोनमध्येच गेली.

पण तुम्ही ज्ञानेश्वरी वाचता ना? तेरावा अध्याय काढा. तिथे क्षेत्र, म्हणजे देह, आणि क्षेत्रज्ञ, म्हणजे त्याला जाणणारा, अशी विभागणी आहे, आणि बुद्धी, अहंकार, मन ही सगळी मंडळी क्षेत्रात बसवली आहेत. सांख्य दर्शनाचंही तेच. बुद्धी प्रकृतीतून आलेली, म्हणजे मुळात जड. जाणणारा तो 'पुरुष', म्हणजे निव्वळ जाणीव, निराळा. या मांडणीत वाक्यं जुळवणं, ओवीचा अर्थ लावणं, इतकंच काय 'मी' म्हणणंसुद्धा जाणणाऱ्याचं काम नव्हेच. उद्या यंत्राने तुमच्याहून सुरेख प्रवचन केलं, तरी या विचाराला धक्का लागत नाही. मी हे खरं आहे असं ठासून सांगत नाही; मला स्वतःला, देहापलीकडे आत्मा न मानणाऱ्या चार्वाकांचं म्हणणं जास्त ओढतं. पानसुपारीच्या विड्यात तांबडा रंग एकेका जिनसात नसतो, एकत्र आल्यावर येतो, तशी जाणीव देहातून येते, असं त्यांच्या नावावर सांगतात. त्या बाजूने गेलात तर मात्र प्रश्न अवघड होतो, कारण मग दुसऱ्या कुठल्या जिनसांतून ती कधीच येणार नाही असं म्हणता येत नाही. सांगायचं इतकंच की, ज्या समजुतीला तडा गेला म्हणून तुम्ही घाबरलात, ती तुमच्या वडिलांची नव्हतीच.

इथवर आपण यंत्राबद्दल बोललो. आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य पुन्हा वाचू: "मिसेसना सांगून काय उपयोग होता, तिला कंपनीतलं काय कळणार?"

फोनला कळतं का, यावर तुम्ही चार पानं लिहिलीत. वहिनींना कळेल का, याचा निकाल एका ओळीत लावून टाकलात, तोही न विचारता. अ‍ॅलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञांनी १९५० मध्ये 'यंत्रांना विचार करता येईल का' या प्रश्नावर जो गाजलेला निबंध लिहिला, त्यात ते जाता जाता म्हणतात की, दुसऱ्याच्या डोक्यात शिरून तो विचार करतो का हे कुणीच तपासत नाही, सगळे विचार करतात हे आपण सभ्यपणे धरून चालतो. हा सभ्यपणा तुम्ही अ‍ॅपला पहिल्या आठवड्यातच बहाल केलात. घरात तो पोचायचा राहिला.

रागावू नका. हे तुमच्या एकट्याचं नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम या संगणकतज्ज्ञांनी 'एलायझा' नावाचा अगदी साधा प्रोग्रॅम जाहीर केला. समोरच्याचं वाक्य उलटवून प्रश्न म्हणून परत विचारायचं, बहुतेक एवढंच त्याचं काम. तो बनताना बघितलेली त्यांची सेक्रेटरी थोडा वेळ त्याच्याशी बोलली आणि चक्क वायझेनबाउमना म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का? तिला काही माहीत नव्हतं असं नव्हे. माणसासमोर बोलताना आपण सतत त्याचा चेहरा वाचत असतो. तिथे चेहराच नव्हता. तुमच्या पिढीच्या पुरुषांना ही सोय फार मोठी वाटते, हे मला येणाऱ्या पत्रांतून दिसतं. घाबरलो, चुकलो, रडू आलं, हे बायकोपुढे बोलायचं नाही असंच तुम्हाला वाढवलं गेलं. म्हणून फोनपुढे बोललात याची मला लाज वाटण्यासारखी गोष्ट दिसत नाही. तीस वर्षांनी का होईना, ते वाक्य तोंडातून निघालं.

पण यंत्राला काय मिळालं ते बघा. तुम्ही टाइप केलं तेवढंच. १९९४ मधला माणूस त्याने पाहिलेला नाही. तो माणूस वहिनींनी पाहिला होता. घरी आल्यावर तुम्ही किती दिवस जेवला नव्हतात, रात्री उठून गॅलरीत जाऊन बसत होतात का, मुलावर विनाकारण ओरडलात का, त्या वर्षी गणपतीत गावाला जायचं का टाळलंत, यातलं काय घडलं आणि काय नाही हे मला ठाऊक नाही. त्यांना ठाऊक आहे. त्यांनी ते सगळं बघितलं आणि त्याचं कारण माहीत नसल्यामुळे स्वतःच काहीतरी कारण लावून घेतलं असणार. कदाचित स्वतःकडे दोष घेऊन. तुम्ही सांगितलंत ते फोनला कळलं; तुम्ही न सांगितलेलं मात्र त्या इतकी वर्षं सांभाळत होत्या, आणि ते नेमकं काय आहे हे त्यांना आत्ता, तुमचा फोन वाचून समजलं. त्यांचं वाक्य मला मत्सराचं वाटत नाही.

'मी कोण' म्हणून तुम्ही जो शोध घेताय, त्यातला निम्मा मजकूर वहिनींकडे आहे. माणसाचं मन त्याच्या कवटीत मावतं, ही आपली आणखी एक सवयीची समजूत. १९९८ मध्ये अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञांनी असा युक्तिवाद केला की, विसराळू माणूस ज्या वहीवर पूर्ण विसंबून असतो ती वही त्याच्या मनाचाच भाग मानायला हवी. फोनची वकिली करायला हल्ली तो युक्तिवाद लोक वापरतात. मला तो संसाराला जास्त लागू पडतो असं वाटतं. फरक एवढाच की, वही आपण लिहिलं तेच परत देते. बायको तुम्ही न लिहिलेलंही परत देते, आणि ते नेहमी आवडेलच असं नाही.

'तुमची चूक नव्हती' या वाक्याबद्दल. हलकं वाटलं ते खरंच वाटलं, ते परत करायची गरज नाही. शिफ्ट बदलणं हा गुन्हा नव्हे असं मलाही वाटतं. पण हे लक्षात ठेवा की, या यंत्रांचा कल समोरच्याला बरं वाटावं असं बोलण्याकडे असतो. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीला चॅटजीपीटीतला एक बदल मागे घ्यावा लागला, कारण ते उठसूट हांजी हांजी करायला लागलं होतं. तुम्ही उलट बाजूने मांडलं असतंत, तर उत्तराचा सूरही कदाचित बदलला असता. आणि एक कबूल करते: मीसुद्धा तुम्हाला तुम्ही लिहिलं तेवढंच ओळखते. या बाबतीत माझी आणि त्या अ‍ॅपची जात एकच. फक्त माझा सल्ला फसला तर तुम्ही मला जाब विचाराल आणि मला तो टोचेल.

तर आता करायचं काय. अ‍ॅप आज मुकाट्याने काढून टाकलंत, तर वहिनींना आज्ञापालन मिळेल, गोष्ट मिळणार नाही. चोरून ठेवलंत तर ते सगळ्यात वाईट, तीस वर्षांच्या लपवण्यात भर. म्हणून आधी बोला, अ‍ॅपचं नंतर. फोन पुढे करून 'वाच' म्हणू नका; त्यांनी वाचलेलं आहे, ऐकलेलं नाही. माफीचा मजकूर अ‍ॅपकडून लिहून घ्यायचा मोह होईल, तो टाळाच. समोरासमोर बसून जमत नसेल तर सकाळी नेरूळच्या 'ज्वेल' उद्यानात दोघं फेरी मारायला जा. शेजारी शेजारी चालताना तोंडाकडे बघावं लागत नाही, पुरुषांना ते सोपं जातं. सुरुवात खुलाशाने नको. विचारा, "त्या वर्षी मी घरात कसा वागत होतो गं?" आणि मग गप्प राहा. त्या चिडतील, जुनं काही निघेल, त्यात शिफ्टचा विषय यायला दोन-चार फेऱ्याही लागतील. 'त्या फोनला कुठे काय कळतं' अशी सफाई मध्येच देऊ नका. खरं असलं तरी त्या वेळी ते फार लंगडं वाटेल.

सहकाऱ्याच्या घरच्यांना जाऊन सांगावं का, असं पत्राच्या शेवटी अर्धवट विचारलंय. लगेच नको. तुमचं ओझं त्यांच्या दारात ठेवल्याने त्यांना काय मिळणार, हे आधी वहिनींशी बोला. त्या अपघाताच्या वेळचे जुने सोबती असतील, तर त्यांच्यापैकी एखाद्याला भेटा. तुम्हाला आठवतं त्याहून वेगळं काही त्यांना आठवत असेल. आणि अपघात पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, महिना उलटूनही झोप लागत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास चालते.

वहिनींनी तुमचा फोन वाचणं बरोबर होतं का, हा प्रश्न कुणीतरी वाचक मला नक्की विचारणार. नव्हतं. पण आज तो मुद्दा काढायचा हक्क तुमच्याकडे नाही.

अशाच परिस्थितीतल्या इतर वाचकांसाठी दोन शब्द. यंत्राशी किती वेळ बोलता याचा हिशेब मला निरुपयोगी वाटतो. त्यापेक्षा हे बघा: कुठली गोष्ट फक्त त्यालाच माहीत आहे? अशी एखादी सापडली, तर ती निदान एका माणसापर्यंत पोचवायचं बघा, मग तो माणूस नवरा-बायको असो, बहीण असो, नाही तर नगरपालिकेच्या विरंगुळा केंद्रात रोज कॅरम खेळणारा मित्र असो. जे खरोखर एकटे आहेत, त्यांना मी नाक मुरडणार नाही. रात्री दोन वाजता बोलायला काहीच नसण्यापेक्षा ते बरं. पण ते तुमच्याकडे कधी काही मागत नाही, आणि कुणालाच आपली गरज नसण्याची सवय लवकर लागते. मुलांनो, आईवडिलांच्या फोनवर अ‍ॅप टाकून देता, तेव्हा दर रविवारी 'काय बोललात त्याच्याशी' एवढं विचारत जा. 'त्याला काही कळत नाही' हे शिकवण्याआधी विचारा. आणि सगळ्यांसाठीच: हे बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर साठतं, काही ठिकाणी ते पुढची यंत्रं घडवायलाही वापरलं जातं. सेटिंगमध्ये जाऊन हा वापर बंद करता येत असेल तर करून घ्या. आधार, बँक, घरच्यांचे रिपोर्ट, आणि गेलेल्या माणसांची नावं त्यात टाकू नका.

अ‍ॅप ठेवायचं का काढायचं, ते वहिनींशी पुरतं बोलून झाल्यावर दोघं मिळून ठरवा. तेव्हाही त्या काढा म्हणाल्या, तर काढा. सोसायटीची पत्रं तुम्ही पूर्वीही लिहीतच होतात, आणि ओव्यांचा अर्थ सार्थ ज्ञानेश्वरीत मिळतो. तसंही, अ‍ॅपने दिलेले ओवी क्रमांक एकदा पोथीशी ताडून बघा. ही यंत्रं नसलेली ओवीसुद्धा बेधडक ऐकवतात.